बॉम्बर कमांड: स्मारकांवरचे आकडे जुळत का नाहीत?

प्रश्न (कुतूहल):
दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे (हवाई दलाची बॉम्बफेक करणारी शाखा) मृत कुठे ५५,५७३ दिलेले असतात, तर इंग्लंडमधल्या लिंकन शहरातल्या स्मारकावर ५८,००० च्या आसपास नावं आहेत. याच कमांडने बॉम्ब टाकलेल्या जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचे बळी कुणी २५,००० सांगतं, कुणी २ लाखांच्या वर. कुठला आकडा धरायचा? आणि युद्ध १९४५ ला संपलं, लंडनचं स्मारक २०१२ ला. इतका उशीर का?

प्रतिसाद १ (नोंदवही):
पहिले दोन्ही बरोबर आहेत. ५५,५७३ हे फक्त विमानात बसणारे; असे एकूण साधारण सव्वा लाख होते, म्हणजे शंभरातले ४४ गेले. लिंकनच्या पोलादी भिंतींवर जमिनीवर काम करणारे आणि महिलाही आहेत. त्यामुळे ५८,००० ला सव्वा लाखाने भागू नका, हमखास होणारी चूक आहे ती.
एकच नाव शोधायचं असेल तर आधी थडगं आहे का ते युद्धसमाधी आयोगाच्या यादीत बघा. नसेल तर इंग्लंडमधलं रनीमीडचं हवाई दल स्मारक (१९५३): तिथे २०,००० हून जास्त बेपत्तांची नावं आहेत, यादीत दिलेला पॅनल क्रमांक टिपून घ्या. पण ती सगळी बॉम्बर कमांडची नाहीत, इतर हवाई तुकड्यांचीही आहेत.

प्रतिसाद २ (एल्बेकाठ):
ड्रेस्डेनसाठी २५,००० धरा. शहराने नेमलेल्या इतिहासकारांनी २०१० मध्ये 'जास्तीत जास्त २५,०००' असा निष्कर्ष दिला. दोन लाखांचा आकडा म्हणजे शुद्ध लबाडी: मार्च १९४५ च्या पोलीस अहवालातल्या २०,२०४ पुढे नाझी प्रचारखात्याने एक शून्य चिकटवलं, झाले २,०२,०४०! आल्टमार्क्ट चौकात रुळांच्या जाळीवर ६,८६५ प्रेतं जाळली, ती नोंद मात्र खरी. दर १३ फेब्रुवारीला, म्हणजे हल्ल्याच्या तारखेला, रात्री ९:४५ ला शहरातल्या चर्चच्या घंटा वाजतात. नवनाझी त्या दिवशी मोर्चे काढायला लागले, म्हणून २०१० पासून लोक मानवी साखळी करतात.

प्रतिसाद ३ (जुनाविमानतळ):
उशिराचं कारण राजकीय: शहरांवरच्या बॉम्बहल्ल्यांवरून वाद होता. १३ मे १९४५ च्या विजयाच्या भाषणात चर्चिलनी बॉम्बर कमांडचा उल्लेखच टाळला, वेगळं मोहीमपदकही दिलं नाही. २०१३ मध्ये मिळाली ती जुन्या पदकाच्या फितीवर लावायची पट्टी. अटी: १९३९-४५ स्टार हे पदक आधी असावं, लढाऊ तुकडीत ६० दिवस किंवा पूर्ण 'टूर' (ठरलेल्या संख्येच्या मोहिमा), आणि निदान एक प्रत्यक्ष उड्डाण. म्हणजे जमिनीवरचे मेकॅनिक बाहेरच!
१९९२ मध्ये लंडनला हॅरिसचा (बॉम्बर कमांडचा युद्धकाळातला प्रमुख) पुतळा उभा राहिला, तर त्यावर लाल रंग ओतला गेला. लंडनच्या ग्रीन पार्कातल्या २०१२ च्या स्मारकात मात्र विमानातल्या सात जणांच्या पुतळ्यांवरचं छत जरूर बघा. त्यातलं ॲल्युमिनियम मे १९४४ मध्ये बेल्जियमच्या चिखलात कोसळलेल्या हॅलिफॅक्स विमानाचं आहे. आणि आतल्या मजकुरात बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या 'सर्व राष्ट्रांच्या' लोकांचंही स्मरण आहे. फोटो काढताना नेमकी तीच ओळ सुटते.