शब्दचर्चा : ‘मिळालेले आशीर्वाद वापरा’ हे मराठीत कसं म्हणावं?

ताम्हण

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या त्रैमासिकाचा सेवा विशेषांक निघतोय. त्यातला मुख्य लेख बायबलातल्या १ पेत्र ४:१० या वचनावर आहे. मूळ लेख इंग्रजीत आहे आणि अनुवाद माझ्याकडे आला आहे. पहिल्याच वाक्याला अडले : ‘देवाने तुम्हाला दिलेले आशीर्वाद इतरांच्या सेवेसाठी वापरा.’

अर्थ कळतो, पण कान मानत नाही. आशीर्वाद आपण मागतो, घेतो, देतो. तो लागतो, फळतो, पाठीशी असतो. ‘वापरायला’ तो काही कपाटात ठेवलेला नसतो. मग शब्द बदलावा की क्रियापद? हा अंक चर्चबाहेरच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही जातो, त्यामुळे फक्त आपल्यातल्यांना कळेल असा शब्द नको आहे.

जुनंपान

तुमचा कान बरोबर सांगतोय. आशिस् आणि वाद मिळून झालेला आशीर्वाद हा आधी बोल आहे. वडीलधाऱ्यांच्या तोंडून निघतो आणि वाकलेल्या डोक्यावर पडतो. त्याला हाताळता येत नाही, म्हणून ‘वापरा’ खटकतं.

पण बायबलात जो शब्द आहे त्याला हातपाय आहेत, आणि तुमच्या लेखासाठी तेच महत्त्वाचं आहे. हिब्रूत ‘बराखा’ म्हणजे आशीर्वचनही आणि हातात द्यायची भेटही. यहोशवाच्या पंधराव्या अध्यायात कालेबाची मुलगी अखसा बापाकडे ‘बराखा’ मागते. तिला जमीन मिळालेली असते, पण ती नेगेवच्या कोरड्या भागातली. तिला डोक्यावर हात नको असतो, पाणी हवं असतं. बाप तिला वरचे आणि खालचे झरे देतो. ज्याने कोरडवाहू रान पाहिलंय त्याला ही मागणी समजावून सांगावी लागत नाही. १ शमुवेल २५ मध्ये अबीगईल दावीदापुढे जे आणते तेही ‘बराखा’च आहे : दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढ्यांचं मांस, हुरडा, मनुकांचे शंभर घड, अंजिरांच्या दोनशे ढेपा. आणि ती सांगते की हे तुमच्यामागून येणाऱ्या तरुण माणसांना द्या.

सगळ्यात ठळक जागा याकोब आणि एसावाची. उत्पत्ती २७ मध्ये धाकटा याकोब आंधळ्या बापाला फसवून थोरल्याचा आशीर्वाद लाटतो. एसाव ओरडतो, ‘माझा जन्मसिद्ध हक्क त्याने घेतलाच होता, आता माझा आशीर्वादही घेतला.’ तिथला हिब्रू शब्द ‘बिर्खाती’, म्हणजे ‘माझी बराखा’. पुढे वीस वर्षं मामाकडे राबून, बायकामुलं आणि कळप घेऊन याकोब परत निघतो. एसाव चारशे माणसं घेऊन समोरून येतोय हे कळतं. तेव्हा तो आपल्या कळपातून निवडून जनावरं पुढे पाठवतो : २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, पिल्लांसह ३० दुभत्या सांडणी, ४० गायी, १० बैल, २० गाढवी आणि १० शिंगरं. या जनावरांना तो बराच वेळ ‘मिन्हा’ म्हणतो, म्हणजे नजराणा. पण भाऊ गळ्यात पडून रडल्यावर, ‘माझ्याकडे पुष्कळ आहे, तुझं तुला राहू दे’ म्हणाल्यावर, याकोबाचा शब्द बदलतो. ३३:११ मध्ये तो म्हणतो, ‘माझी बिर्खाती घे.’

शब्द तोच आणि ‘घेणे’ हे क्रियापदही तेच. लाटलेला आशीर्वाद शेळ्यामेंढ्यांच्या रूपाने ज्याचा होता त्याच्याकडे परत जातो. अनुवादात बहुतेक वेळा इथे ‘भेट’ येतं. ते चुकीचं नाही, पण तेवढ्याने हा धागा वाचकाला दिसत नाही.

नव्या करारातही असंच आहे. ग्रीक ‘युलोगिया’ची घडण अगदी आपल्या आशीर्वादासारखी, ‘चांगला बोल’. तरी २ करिंथ ९:५ मध्ये, म्हणजे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, प्रेषित पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा होणाऱ्या वर्गणीला ‘युलोगिया’ म्हणतो आणि सांगतो की ती आशीर्वाद म्हणून तयार असावी, हावरटपणातून ओढून काढल्यासारखी नको.

म्हणून माझं मत : आशीर्वाद हा शब्द ठेवा, ‘वापरा’ काढा.

दोनओळी

मी ख्रिस्ती नाही, म्हणजे तुमचा तो चर्चबाहेरचा वाचक मीच. मला ‘आशीर्वाद’पेक्षा ‘देणं’ जवळचं वाटतं. गळा चांगला असला की आपण म्हणतो, ‘देवाचं देणं आहे.’ आणि वाण्याकडे उधारी राहिली की तेही देणंच. जे मिळालं तेही देणं आणि जे फेडायचं तेही देणं. तुम्हाला म्हणायचंय ते या एका शब्दात आधीपासून नाही का?

जुनंपान

आहे, आणि पौलाला हा शब्द फार आवडला असता. रोम १:१४ मध्ये तो म्हणतो की मी हेल्लेण्यांचा (ग्रीकांचा) आणि बर्बरांचा (ग्रीक नसलेल्यांचा), ज्ञान्यांचा आणि अज्ञान्यांचा ऋणी आहे. आता यातल्या कुणीही त्याला काही उसनं दिलं नव्हतं. दिलं होतं देवाने, आणि पौल देणं लागतो ते लोकांचं. घेतलं एकाकडून, फेडायचं भलत्यालाच, असा हा व्यवहार आहे. ‘देवाचं देणं’ आणि ‘लोकांचं देणं’ शेजारी ठेवले की तो न समजावता कळतो.

भीमाकाठ

त्या वचनाचं आपलं रूढ मराठी भाषांतर उघडून बघा. तिथे ‘वापरा’ नाहीच. ‘एकमेकांच्या कारणी लावा’ असं आहे. ग्रीकमध्ये क्रियापद ‘सेवा करणे’चं आहे, तेच जे पंगतीत वाढण्यालाही वापरतात. पण भाषांतरकारांनी ‘सेवा करा’ न लिहिता ‘कारणी लावा’ लिहिलं, आणि माझ्या मते मराठीत याहून चांगलं कुणाला सुचणार नाही. पैसा कारणी लागतो, देह कारणी लागतो, आयुष्यही सत्कारणी लागतं. जे कारणी लागलं नाही ते वाया गेलं, हे वेगळं लिहावं लागत नाही.

त्याच वचनात ‘कारभारी’ही आहे. ग्रीक ‘ओइकोनोमोस’, घराचा व्यवहार पाहणारा. बहुतेकदा तो स्वतः गुलाम असायचा. किल्ल्या त्याच्याकडे, कोठार त्याच्याकडे, शिधा वाटायचा तोही त्यानेच, पण दाणाही त्याचा नाही. इथे मात्र सावध राहा. आज गावाकडे ‘कारभारी’ म्हटलं की ज्याचा शब्द चालतो तो माणूस डोळ्यांपुढे येतो. बायको नवऱ्याला ‘धनी’ही म्हणते आणि ‘कारभारी’ही म्हणते. येशूच्या दाखल्यांत, म्हणजे बोधकथांत, हे दोघे कायम वेगळे असतात : धनी दूर गेलेला, कारभारी हिशेब द्यायला बांधलेला. लेखात हा फरक एका वाक्यात तरी सांगाच.

आणि उदाहरण हवं असेल तर लांब जाऊ नका. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं त्यांच्या आईने, आणि आईला शिकवलं होतं अनंतशास्त्री डोंगरे यांनी, तेही बाईला संस्कृत शिकवणं लोकांना खपत नव्हतं त्या काळात. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ म्हटलं. एवढ्या विद्येवर त्या आयुष्यभर मानाने व्याख्यानं देत फिरू शकल्या असत्या. त्यांनी विधवा मुलींसाठी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी बायकामुली उचलून आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ हा आश्रम उभा केला. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलाचं मराठी भाषांतर केलं, शिकलेल्या चार लोकांसाठी नव्हे, तर साध्या बाईला वाचता यावं अशा मराठीत. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली, तिथल्या बायकांच्या हातून. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. आईकडून लेकीला मिळालेली विद्या शेवटी आश्रमातल्या मुलीच्या हातात छापील पान म्हणून पोचली. ‘कारणी लावणे’ म्हणजे काय ते यात दिसतं.

जिरायती

तुमच्या चर्चेत शेत आलं म्हणून लिहितो. आमच्याकडे भुईमूग उपटून झाला की रानात शेंगा राहतात. ज्यांना रान नाही त्या बाया, पोरं येतात, खुरप्याने माती उकरतात आणि शेंगा वेचून नेतात. त्याला सरवा म्हणतात. ज्वारीचाही असतो. जाणता शेतकरी सरव्याला अडवत नाही. आता मळणीयंत्रं आली, मागे फारसं राहत नाही, आणि शब्दही नव्या पोरांना माहीत नाही. बायबलात असं काही आहे का?

जुनंपान

अगदी हाच शब्द आहे. रूथची गोष्ट मराठी बायबलात वाचा, ती ‘सरवा वेचायला’ जाते. परकी, विधवा, सासूला घेऊन बेथलेहेमात आलेली. तिला तो हक्क नियमशास्त्राने दिला होता. लेवीय १९ सांगतं : शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेला सरवा गोळा करू नका, द्राक्षमळ्यात गळलेले मणी उचलू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. ‘अनुवाद’ या बायबलातल्या पुस्तकाचा २४ वा अध्याय आणखी पुढे जातो : पेंढी शेतात विसरलात तर ती आणायला परत जाऊ नका. आणि लगेच जोडून येतं, म्हणजे देव तुमच्या हातच्या सगळ्या कामात तुम्हाला आशीर्वाद देईल. पुढे यहुदी धर्मपंडितांनी कोपऱ्याचं मापही ठरवलं, निदान साठावा हिस्सा.

याला बायबल भीक म्हणत नाही. मालकाने बोलावून, ओळीत उभं करून वाटायचं नाही. त्याने हात आवरायचा, आणि घेणाऱ्याने आपल्या कष्टाने, मान ताठ ठेवून न्यायचं. रूथ ज्याच्या शेतात सरवा वेचते तो मालक बवाज तर गड्यांना सांगतो की बांधलेल्या पेंढ्यांतून मुद्दाम ताटं ओढून टाका आणि तिला बोलू नका. रूथ संध्याकाळी झोडपून मोजते तर एफाभर सातू निघतो, म्हणजे साधारण बावीस लिटरचं माप. एका दिवसाच्या सरव्यात एवढं कधी मिळत नाही. कुणीतरी हात सैल सोडला होता, आणि तिला ते जाणवू दिलं नव्हतं.

क्रियापदही बघा : गरीब सरवा वेचतो, आणि आपण एखाद्याबद्दल म्हणतो की त्याने समाजासाठी आयुष्य वेचलं. पहिलं वेचणं गोळा करण्याचं, दुसरं खर्चण्याचं, व्ययावरून आलेलं. तुकोबांचा ‘उदास विचारें वेच करी’ मधला वेच तो हा दुसरा. मुळं निराळी, पण मराठीच्या तोंडात दोन्ही एकत्र नांदतात.

ताम्हण

पोटभर मिळालं. एक शंका उरली आहे. लेखात पुढे ‘टॅलंट’ हा शब्द आहे, मत्तय २५ मधल्या येशूच्या दाखल्याच्या संदर्भाने. त्याला ‘कलागुण’ लिहू का?

भीमाकाठ

नको. दाखल्यातला तालांत हे चांदीचं वजन, नाण्यांत सहा हजार दिनार. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे एक तालांत ही साधारण वीस वर्षांची कमाई झाली. इंग्रजीत टॅलंटला ‘अंगचा गुण’ हा अर्थ याच दाखल्यावरून चिकटला, आणि तिथून तो आपल्या टीव्हीवरच्या स्पर्धांत आला. पण दाखल्यात दूर जाणारा धनी चाकरांना तालांत देतो ते ‘ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे’. कुवत आधीच त्या चाकरात होती. तालांत हा त्यावर सोपवलेला ऐवज आहे. ‘कलागुण’ लिहिलंत तर नोकरी, घर, वेळ, ओळखीपाळखी हे सगळं बाहेर राहील, आणि ज्याला गाता येत नाही तो म्हणेल की हे माझ्यासाठी नाही. ‘सोपवलेला ऐवज’ किंवा नुसता ‘ऐवज’ लिहा.

आणि कृपा करून आशीर्वाद म्हणजे पैसा असं वळण लेखाला देऊ नका. हल्ली ‘आशीर्वादित कुटुंब’ म्हणजे मोठी गाडी असलेलं कुटुंब, असं उपदेशांतूनही कानावर येतं, आणि मला त्याचा खरंच त्रास होतो. ज्या पत्रात पौल वर्गणीला आशीर्वाद म्हणतो, त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात तो आदर्श म्हणून मासेदोनियातल्या मंडळ्या पुढे ठेवतो, आणि त्या पराकाष्ठेच्या दारिद्र्यात होत्या. त्यांनीच आम्हालाही देऊ द्या म्हणून गळ घातली.

ताम्हण

हे तळटीपेत नाही, मुख्य मजकुरात घेते. वाक्य असं केलंय :

‘देवाचं जे देणं तुमच्या हाती आलं आहे, ते कारभाऱ्यासारखं सांभाळा आणि एकमेकांच्या कारणी लावा.’

‘आशीर्वाद’ दुसऱ्या परिच्छेदात याकोबाच्या गोष्टीबरोबर येईल, आणि सरव्याची वेगळी चौकट करते. ‘देणं’चं अनेकवचन करावं का? मूळात अनेकवचन आहे.

दोनओळी

करू नका. ‘देणी’ म्हटलं की फक्त उधारी उरते, देवाचं देणं त्यातून निघून जातं. एकवचनातच दोन्ही अर्थ टिकतात. आणि ‘हाती आलं आहे’ ऐवजी ‘वाट्याला आलं आहे’ करून बघा. वाटा म्हटला की बाकीच्यांचाही वाटा असतो.