मदत हवी आहे: पावसाळ्यात मोडाची नाचणी वाळवायची कशी?

वाघोलीच्या बांधकाम वस्तीतल्या पाळणाघरासाठी मोडाच्या नाचणीचं पीठ लागतं, ६ महिन्यांपुढच्या बाळांना. नाचणी १२ तास भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात दीड-दोन दिवस बांधतो. बारीक पांढरे कोंब दिसले की थांबवतो. इथपर्यंत सगळं ठीक.

अडचण पुढे. पुण्यात सध्या ऊनच नाही. पंख्याखाली दोन दिवस ठेवूनही दाणा दाताखाली कट्कन तुटत नाही, आंबूस वास मारतो. असं पीठ बुरशी धरतं, आणि बुरशीचं विष भाजूनही जात नाही, म्हणून ते टाकूनच द्यावं लागतं. कढईत मोठ्या आचेवर वाळवलं तर मोडातलं एन्झाइम (खिरीतला स्टार्च तोडून ती सैल करणारा घटक) मरतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय!

कारण घट्ट खीर चमच्याला चिकटून राहते, बाळ तोंड फिरवतं, मग आई पाणी ओतते. पोट पाण्यानेच भरतं. त्याऐवजी घट्ट खीर खाली उतरवून जरा निवल्यावर चमचाभर मोडाचं पीठ ढवळलं, की पाच-दहा मिनिटांत ती सैल होते आणि वाटीतलं अन्न तेवढंच राहतं. मग पुन्हा एक उकळी द्यायची. (मीठ, साखर नको, मध तर वर्षाच्या आत अजिबात नको.)

एका वेळी ५ किलो नाचणी, ५० अंशांच्या आसपास वाळवायची आहे. घरगुती ओव्हनमध्ये दार किलकिलं ठेवून कोणी केलंय का? थर किती जाड ठेवला, किती तास लागले? पुण्याच्या आसपास कोणाचा भाजीपाला वाळवायचा ड्रायर भाड्याने मिळेल का?