एमएसडब्ल्यू प्रथम वर्षाचं फिल्डवर्क: मुलं संस्थेत टिकावीत म्हणून नेमकं काय करता?

फिल्डवर्क_समन्वयक:
यंदा एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) प्रथम वर्षाच्या फिल्डवर्कची जबाबदारी माझ्याकडे आहे. जिल्ह्याचं ठिकाण, 24 विद्यार्थी, गुरुवार-शुक्रवार संस्थेत. सामान्य रुग्णालय, बालगृह, कुटुंब समुपदेशन केंद्र आणि दोन स्वयंसेवी संस्था आहेत. तक्रारी नेहमीच्याच: संस्था मुलांना एक्सेल भरायला बसवतात, रेकॉर्डिंग (फिल्डवर्कचा लेखी अहवाल) एकमेकांचं उतरवलेलं येतं, दिवाळीनंतर दोघं-तिघं येईनासे होतात. पत्र, वेळापत्रक, आयसी (शिक्षकाची एकेका विद्यार्थ्यासोबतची बैठक) कशा लावता ते सांगा. ‘विद्यार्थ्यांशी संवाद ठेवा’ छापाचे सल्ले कृपया नकोत.

कन्करंट_ब्लॉक:
एक्सेलचं मूळ तुमच्या पत्रात असतं. ‘आमच्या विद्यार्थ्यांना संधी द्यावी ही विनंती’ एवढंच लिहिलं की संस्था तिला गरज असेल ते काम देणार. पत्राला एक पानी कामाचा तक्ता जोडा: पहिले दोन आठवडे कार्यकर्त्यासोबत फिरणं आणि नोंदवह्या वाचणं, तिसऱ्यापासून एक केस स्वतःकडे, सहाव्यापासून गटकार्य. खाली न करण्याची कामं: देणग्या गोळा करणं, एकट्याने गृहभेट, दिवसाला तासाभरापेक्षा जास्त डेटा एन्ट्री. एन्ट्री पूर्ण बंद करा म्हणू नका, संस्थेलाही काही मिळायला हवं. पर्यवेक्षक कोण, हे नावानिशी लिहून घ्या. ‘संस्थेतले सगळेच बघतील’ म्हणजे कोणीच बघणार नाही.

हे पत्र घेऊन स्वतः जा. मुलींना वापरता येईल असं स्वच्छतागृह, बसायला जागा आणि शेवटची बस तिथे गेल्यावरच कळते. नेमणूक करताना विद्यार्थी राहतो कुठे ते आधी बघा. एका बसमध्ये पोहोचता येईल अशी संस्था द्या. 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, मुलग्यांना ही सवलत नाही, त्यामुळे लांबच्या संस्थेतून मुलगे आधी गळतात. ‘कमवा व शिका’वाल्यांचे कामाचे तास गुरु-शुक्रवारी येत नाहीत ना, तेही जूनमध्येच जुळवून घ्या.

आयसी_बुधवारी:
रेकॉर्डिंग उतरवलं जातं कारण आपण मागतोच तसं. ‘आज संस्थेत काय केले’ याचं उत्तर एका संस्थेतल्या चौघांचं सारखंच येणार. अख्ख्या दिवसाऐवजी एकाच व्यक्तीशी झालेलं पंधरा मिनिटांचं बोलणं मागा, तीन रकान्यांत: कोण काय बोललं (जमेल तितकं शब्दशः), त्या क्षणी मला काय वाटलं, आता काय वेगळं विचारलं असतं. मधला रकाना उतरवता येत नाही. सुरुवातीला तो कोराच येतो, आणि आयसीत बोलायचं असतं ते त्याच्यावर.

वेळ: रेकॉर्डिंग सोमवारी सकाळी 11 पर्यंत, शेरे मारून मंगळवारी परत, आयसी बुधवारी. गुरुवारच्या आत शेरा हातात पडला नाही तर तीच चूक पुन्हा होते. एका शिक्षकाकडे आठ विद्यार्थी आणि प्रत्येकी अर्धा तास म्हणजे आठवड्याला चार तास. ते वेळापत्रकात छापून घ्या, नाहीतर बुधवारी प्राचार्य दुसरं काम लावतात आणि आयसी कॉरिडॉरमध्ये उरकते. जीसी (गटाची एकत्र बैठक) पंधरवड्याला एक पुरे.

समाजसेवा_अधीक्षक:
संस्थेच्या बाजूने बोलतो. तिसऱ्या आठवड्यात स्वतंत्र केस हे रुग्णालयात घाईचं आहे. आमच्याकडे आधी वॉर्ड, मग कागद. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कक्षात आरोग्यमित्राशेजारी (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) दोन दिवस बसलं की शिधापत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून माणूस कसा अडकतो ते कळतं. पहिली केस तशीच द्यावी: मर्यादित, कागदपत्रांची, शेवट दिसणारी. व्यसनमुक्ती किंवा आत्महत्येचा प्रयत्न झालेले रुग्ण पहिल्या सत्रात नकोत.

शिक्षकांनी महिन्यातून एकदा यावं आणि विद्यार्थी, पर्यवेक्षक, शिक्षक असे तिघं एकत्र बसावेत. नुसत्या फोनवर पर्यवेक्षक ‘चांगलं चाललंय’च म्हणतो.

बालहक्क_कट्टा:
बालगृहाचं कुणी लिहिलं नाही, आणि घोळ तिथेच होतो. मूल विद्यार्थ्याला विश्वासाने काहीतरी सांगतं आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मागतं. ते वचन द्यायचं नाही, हे पाठवण्याआधीच्या सत्रात घोटवून घ्या. पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण कायदा), 2012 च्या कलम 19 नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कुणावरही ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवण्याचं बंधन आहे, त्यात विद्यार्थीही आला. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विद्यार्थ्याने खोदून विचारायचं नाही. मुलाचेच शब्द तारीख-वेळेसह लिहायचे आणि त्याच दिवशी पर्यवेक्षक व शिक्षक दोघांना सांगायचं. संशय संस्थेतल्याच माणसावर असेल तर आधी शिक्षकाला. पोलिसांकडे जाताना शिक्षक सोबत हवा.

रेकॉर्डिंगमध्ये नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, शाळा आणि वडिलांचा धंदा लिहिला की मूल ओळखू येतं. तिन्ही बदला.

विद्यार्थिनीला संस्थेत त्रास झाला तर गुपचूप दुसरीकडे हलवून प्रकरण मिटवू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर संस्थेची अंतर्गत समिती, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने. महाविद्यालयाच्या समितीची माहिती पत्राबरोबरच विद्यार्थ्यांना द्या.

फिल्डवर्क_समन्वयक:
उपयोगी आहे, आभार. तक्ता या आठवड्यात करतो. एक राहिलं: आजारपणात बुडालेले तास दिवाळीच्या सुट्टीत सलग भरून घेऊ का?

आयसी_बुधवारी:
सलग नको. आठवड्याला एक जादा दिवस, त्याहून जास्त नाही. सुट्टीत आयसी होत नाही, आणि आयसीविना भरलेले तास म्हणजे नुसती हजेरी. पर्यवेक्षकही रजेवर असतो, मग पोरं पुन्हा एक्सेलवर.