मदत हवी आहे: छोटी तेल-शोध कंपनी. विहिरीचा निकाल येण्याआधी विकावं की थांबावं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट लिहिलं तर "आधी अहवाल वाचा" एवढंच उत्तर येणार. अहवाल वाचलाय. दोनदा. दुसऱ्यांदा वाचल्यावर पहिल्यापेक्षा कमी समजला, म्हणून इथे आलोय.

दोन वर्षांपूर्वी एका छोट्या तेल-शोध कंपनीचे शेअर घेतले, सरासरी ५ सेंटने. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल. आज भाव १० सेंट आहे. घेतले तेव्हा माझ्या गुंतवणुकीच्या ४ टक्के होते, आता ८ झालेत. कंपनीचं उत्पादन शून्य. तीन लायसन्स आहेत, त्यातल्या दोनांवर कागदांपलीकडे काही झालेलं नाही. तिसऱ्यावर, उथळ समुद्रात, तीन महिन्यांत विहीर खणणार आहेत. सगळा खेळ त्या एका विहिरीवर.

आकडे असे: बेस्ट एस्टिमेट ८.५ कोटी पिंप, यश मिळण्याची शक्यता २२ टक्के, कंपनीचा हिस्सा ३० टक्के. एकूण शेअर ४१ कोटी, म्हणजे बाजारमूल्य ४.१ कोटी डॉलर.

मी केलेलं गणित: ८.५ कोटीतला ३० टक्के हिस्सा म्हणजे २.५५ कोटी पिंप. जमिनीखालच्या पिंपाला ४ डॉलर धरले तर १०.२ कोटी डॉलर. म्हणजे तेल लागलं तर शेअर अडीचपट! मेव्हण्याचं म्हणणं आहे की विहीर सुरू होईपर्यंत भाव आणखी चढेल, तेव्हा विकून मोकळं व्हायचं. मला वाटतं, दोन वर्षं थांबलोय तर निकालापर्यंत थांबावं. जाणकारांनी सांगा, यात मी काय विसरतोय? आगाऊ धन्यवाद.

– बिनधागा

उडता गालिचा:
डोळे मिटून धरून ठेवा. असली संधी परत येत नाही. मी पण घेतलेत (बहुतेक तुम्ही म्हणताय तीच कंपनी), लक्ष्य ६० सेंट.

खडक वाचणारा:
गालिचेवाले, ६० सेंट कुठल्या खडकात दिसले?

बिनधागा, मी वीसेक वर्षं रिगवर मड लॉगिंग (विहिरीतून वर येणारे खडकाचे तुकडे तपासायचं काम) केलंय, शेअरमधलं मला फारसं कळत नाही. पण तुमच्या आकड्यांतली पहिली गोची सांगतो. ते ८.५ कोटी पिंप "प्रॉस्पेक्टिव्ह रिसोर्सेस" या सदरात असणार. त्याचा अर्थ तेल अजून कोणी पाहिलेलं नाही. सापडलं पण काढणं परवडेल की नाही हे ठरायचंय, तर "कंटिन्जंट". सापडलं, परवडतं, काढायचं ठरलंय, तर "रिझर्व्ह". घोषणेत तिन्ही आकडे "दशलक्ष पिंपं" म्हणूनच छापले जातात आणि वाचणारा तिन्ही एकाच तराजूत टाकतो.

दुसरं, २२ टक्के आले कुठून ते बघा. सहसा चार गोष्टींचा गुणाकार असतो: तेल शिजवणारा उगम खडक, तेल मुरवून ठेवणारा सच्छिद्र खडक, त्याला अडवणारा सापळा आणि वरचं झाकण. अहवालाच्या मागच्या तक्त्यात चारही आकडे वेगवेगळे दिलेले असतात. ते इथे टाका. शिवाय पी ९० (निदान एवढं तरी असण्याची शक्यता ९० टक्के) आणि पी १० (एवढं असण्याची शक्यता १० टक्केच) पण टाका, नुसतं मधलं नको.

आणि हे २२ टक्के तेल सापडण्याचे आहेत. परवडण्याचे नव्हेत.

बिनधागा:
तक्ता सापडला, शेवटून तिसऱ्या पानावर. उगम ०.९, साठवण खडक ०.७, सापळा ०.७, झाकण ०.५. गुणाकार बरोबर २२ येतो. पी ९० म्हणजे २.२ कोटी पिंप, पी १० म्हणजे २४ कोटी.

झाकण ०.५ म्हणजे नाणेफेकच की.

खडक वाचणारा:
हो. म्हणजे तेल तयार झालंय यावर त्यांचा बऱ्यापैकी भरवसा आहे, ते तिथे टिकलंय यावर नाही. असे सापळे मी पाहिलेत. खडक उत्तम, सगळीकडे तेलाचे डाग, आणि छिद्रांत खारं पाणी. तेल आलं होतं, कधीतरी निसटून गेलं.

याचा तुमच्या निकालाशी थेट संबंध आहे. अशा विहिरीत "ऑइल शोज", म्हणजे तेलाच्या खुणा, मिळण्याची शक्यता भरपूर असते. शेकरवर (विहिरीतला चिखल गाळणाऱ्या हलत्या चाळणीवर) आलेले खडकाचे तुकडे धुवायचे, ट्रेमध्ये पसरायचे आणि अतिनील दिव्याखाली धरायचे. तेल असेल तर पिवळसर किंवा निळसर चमकतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की खजिना लागला. पण पाइपच्या आट्यांना लावलेलं ग्रीससुद्धा चमकतं! शंका आली की तुकड्यावर सॉल्व्हंटचा थेंब टाकून रंग कसा सुटतो ते बघायचं. एवढं करूनही कळतं ते इतकंच की तेल इथून गेलेलं असू शकतं. नमुना वर आणून पाहिल्याशिवाय, आणि विहीर वाहती करून मोजल्याशिवाय काही खरं नाही.

फॉकलंडच्या समुद्रातली डिझायर पेट्रोलियमची रेचेल विहीर आठवते का कुणाला? डिसेंबर २०१०. आधी तेल सापडल्याची घोषणा झाली, भाव उसळला. काही दिवसांतच पुढच्या तपासणीत ते मुख्यतः पाणी निघालं आणि शेअर धाडकन खाली. कोणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही, सुरुवातीची मोजणी फसवते. घाईघाईने आलेल्या पहिल्या घोषणेवर खरेदी करणारे मात्र अडकले.

चंद्रकोर:
त्याच समुद्रात त्याच वर्षी, मे २०१० मध्ये, रॉकहॉपर कंपनीला सी लायन हे तेलक्षेत्र सापडलं, तेही सांगा ना. तिथे खरंच तेल होतं.

खडक वाचणारा:
होतंच. आणि त्यानंतर दहा वर्षं उलटली तरी तिथून एक पिंपही विकलं गेलं नव्हतं. सापडणं आणि पैसे हातात येणं यात केवढं अंतर असतं बघा. राजस्थानातलं मंगला तर मोठं आणि चांगलं क्षेत्र, जमिनीवरचं. केर्न कंपनीला जानेवारी २००४ मध्ये सापडलं, तेल यायला ऑगस्ट २००९ उजाडलं. ते तेल मेणासारखं, गार झालं की थिजणारं, म्हणून सहाशे किलोमीटरहून लांब, सतत गरम ठेवावी लागणारी पाइपलाइन टाकावी लागली. पुढे त्याच केर्नने २०१० आणि २०११ मध्ये ग्रीनलंडच्या समुद्रात आठ विहिरी खणल्या, विकण्याजोगं काही मिळालं नाही. "व्यवस्थापनाला तेलाचं नाक आहे" असं कुणी म्हणालं की मला या दोन गोष्टी एकत्र आठवतात.

ताळेबंद:
खडकांचं झालं असेल तर तिजोरीकडे वळू या. बिनधागा, तुम्ही एक आकडा दिलेलाच नाही: रोकड किती? विहिरीचा खर्च किती? आणि वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे नवे शेअर घेण्याचे हक्क) किती आहेत?

का विचारतोय ते सांगतो, माझाच अनुभव आहे. २०१३ मध्ये अशीच एक छोटी कंपनी घेतली होती. शेअर १२ कोटी. विहीर खणली, तेल लागलं, घरी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. पुढच्या दोन विहिरींसाठी मोठा भागीदार शोधायचा होता, फार्म-आऊट, म्हणजे खर्च उचलणाऱ्याला लायसन्समधला हिस्सा द्यायचा. तेवढ्यात जून २०१४ मध्ये ११५ डॉलरच्या आसपास असलेलं ब्रेंट (कच्च्या तेलाचा जागतिक भाव) घसरायला लागलं, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्याही खाली गेलं. भागीदार कोण येणार? कंपनी दर आठ-दहा महिन्यांनी नवे शेअर काढत राहिली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा स्वस्तात. सहा वर्षांत १२ कोटींचे १९० कोटी शेअर झाले. तेल अजून तिथेच आहे. कंपनीला सापडलं, मला नाही सापडलं.

बिनधागा:
बापरे. शोधून लिहितो.

रोकड ६१ लाख डॉलर. विहिरीचा अंदाजे खर्च २.४ कोटी, म्हणजे आमच्या वाट्याला ७२ लाख. हे एका तळटीपेत होतं. वॉरंट ९ कोटी. कार्यालयाचा आणि पगारांचा खर्च वर्षाला २५ लाख.

लिहिता लिहिताच लक्षात आलं. ६१ मधून ७२ जात नाहीत.

ताळेबंद:
जात नाहीत, आणि विहीर वेळेत संपेल असं धरून हे ७२ आहेत. रिगचं भाडं दिवसावर असतं. पाइप अडकला, हवामान बिघडलं, की मीटर चालूच. विहीर सुरू होण्याआधी ते नवे शेअर काढणारच. मेव्हणे म्हणतात तसा भाव चढला, तर त्या चढाचा पहिला फायदा कंपनीच घेईल.

आता तुमचं गणित. "लागलं तर १०.२ कोटी" हे बरोबर, पण "लागलं तर" ला किंमत द्या. १०.२ च्या २२ टक्के २.२४ कोटी. उरलेल्या ७८ टक्के वेळा ७२ लाख बुडणार, ते ५६ लाख वजा. राहिले १.६८ कोटी. त्यात रोकड ६१ लाख मिळवा, २.२९ कोटी. भागिले ४१ कोटी शेअर, साधारण ५.६ सेंट. बाजार देतोय १०. बाकीच्या दोन लायसन्सचं मोल मी शून्य धरलंय, तुम्हाला काही धरावंसं वाटलं तर धरा.

आणि ते ४ डॉलर कुठून आणलेत?

बिनधागा:
एका ब्रोकरच्या अहवालातून. (आत्ता पाहिलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की अहवाल कंपनीने पैसे देऊन करून घेतलाय.)

ताळेबंद:
:) २ डॉलर धरून करून बघा. ३ सेंटही येत नाहीत.

उडता गालिचा:
असं कागदावर गणित मांडत बसलात तर आयुष्यात कधी तेलाचा शेअर घेणार नाही. २०१५ ला इंग्लंडमधल्या गॅटविक विमानतळाजवळच्या हॉर्स हिल विहिरीचे शेअर घेणाऱ्यांनी काही दिवसांत काय पैसे केले!

चंद्रकोर:
केले, जे त्याच आठवड्यात विकून बाहेर पडले त्यांनी. एप्रिल २०१५ मध्ये बातम्यांमध्ये "१०० अब्ज पिंपं" आलं होतं. ते जमिनीखाली असलेल्या तेलाबद्दल होतं, त्यातलं फार तर ३ ते १५ टक्के निघेल असं कंपनी स्वतःच म्हणत होती, आणि तोही आकडा एका विहिरीवरून अख्ख्या पट्ट्याला लावलेला. पुढे जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या विस्ताराची परवानगीच रद्द केली, कारण ते तेल जाळल्यावर होणारं उत्सर्जन विचारात घेतलं नव्हतं. खडक, पैसा आणि वर परवानग्या. तुमच्या लायसन्सची मुदत कधी संपते तेही बघा हो, बिनधागा. विहीर लांबली आणि मुदत संपली, असंही होतं.

बिनधागा:
मुदत १४ महिने आहे, ते ठीक. सगळ्यांचे मनापासून आभार. अर्धे शेअर आज ९.८ सेंटला विकले. गुंतवलेली रक्कम जवळपास सुटली. उरलेले निकालापर्यंत ठेवतो. मेव्हण्याला सांगितलं नाहीये.

बिनधागा (पाच आठवड्यांनी):
धागा वर काढतोय. ताळेबंदकाका, तुमचं म्हणणं खरं ठरलं. कंपनीने ९ कोटी नवे शेअर ७ सेंटने काढले, ६३ लाख डॉलर उभे केले. दर दोन शेअरमागे एक वॉरंट फुकट. भाव १० वरून ७.२ वर आलाय. गालिचेवाले कुठे आहेत कळत नाही.

पण मी गणित परत केलं आणि चक्रावलो. विहिरीचे तेच १.६८ कोटी, रोकड आता ६१ अधिक ६३ म्हणजे १.२४ कोटी. एकूण २.९२ कोटी, भागिले ५० कोटी शेअर. ५.८ सेंट! आधीपेक्षा किंचित जास्तच. शेअर वाढले, भाव पडला, आणि प्रत्येक शेअरमागचं मोल वाढलं? माझं कुठे चुकतंय?

ताळेबंद:
चुकत नाही. ५.६ ची वस्तू नव्या लोकांना ७ ला विकली, तर जुन्यांचा फायदाच होणार. ज्यांनी १० ला घेतले त्यांना हे सांगायला मात्र जाऊ नका. फक्त वॉरंटं आता १३.५ कोटी झालीत. तेल लागलं तर ती सगळी उठून वाटा मागायला येतील, म्हणजे वरच्या अडीचपटीला कात्री. तेल नाही लागलं तर वॉरंटवाल्यांचं काही जात नाही, तुमचं जातं. ते धरून ५.८ चे किती राहतात ते करा. आणि ४ डॉलर अजून तेच धरलेत ना?

बिनधागा:
तेच धरलेत. बदलून करतो. खरं सांगायचं तर ७.२ बघून विकलेले अर्धे परत घ्यावेसे वाटत होते, म्हणूनच धागा वर काढला.

खडक वाचणारा:
घ्यायचे तर घ्या, पण झाकण अजून ०.५ च आहे. रिग कुठे पोचलीय?

बिनधागा:
अजून दुसऱ्याच कंपनीच्या विहिरीवर. तिथे म्हणे पाइप अडकलाय.