दात गेला, आता पुढे काय? अनुभव लिहा

खारूताई
काल भाचीचा पुढचा दात पडला. दिवसभर जीभ त्या फटीत. तिला बघून आत्या आठवली. खालची दाढ काढल्यावर "मागचं कोण बघतंय" म्हणून तिने तसंच सोडलं होतं. पुढे वरची दाढ खाली उतरत उतरत थेट हिरडीला टोचायला लागली, शेजारची तिरकी झाली ते वेगळंच. आता माझ्याही खालच्या दोन दाढा गेल्यात, लागोपाठच्या. डॉक्टर म्हणतात ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेले खोटे दात) नाहीतर इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात). कोणी काय केलंय? लिहा, पण घाबरवू नका.

निवांत
ब्रिज. मस्त चालू आहे. पण दोन्ही बाजूचे दात घासून बारीक करतात, त्यावर कॅपा बसतात. माझ्या त्या दातांत आधीच मोठाली फिलिंग्ज होती, कॅपा लागणारच होत्या. तुमचे धडधाकट असतील तर दहादा विचार करा. आणि मागे दाढ शिल्लक आहे ना? नसेल तर ब्रिज टेकणार कशावर?

उंटावरचा_शहाणा
कवळी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी अंधारात प्यायलेलं कोणी आहे का इथे?

माऊ
आहे. नाव सांगणार नाही 😂

सुमेधाताई
इम्प्लांट. भूल असते, दुखलं नाही. ड्रिलची थरथर मात्र पार कानापर्यंत जाते. खरा कस वाट बघण्यात. स्क्रू हाडात घट्ट बसायला साधारण 3 ते 6 महिने, मग वर दात. माझी वरची दाढ काढून खूप काळ गेला होता, हाड झिजलेलं, वर लगेच सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली पोकळी. म्हणून आधी हाड भरावं लागलं. शुगर आटोक्यात नसेल किंवा सिगरेट चालू असेल तर इम्प्लांट फसायची भीती जास्त. हाडं ठिसूळ झाल्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, हे कोणी विचारतच नाही!

बोलघेवडा
इम्प्लांटचा स्क्रू ज्याचा असतो ते टायटॅनियम हाडाला धरतं हे ब्रोनेमार्क या स्वीडिश डॉक्टरला 1952 मध्ये सशाच्या पायात कळलं. बघत होता हाडातलं रक्ताभिसरण. आत बसवलेलं टायटॅनियमचं यंत्र काढायला गेला तर निघेचना. माणसाच्या तोंडात पहिलं असं इम्प्लांट 1965 ला.

माऊ
बिचारा ससा.

आबा_ऑनलाइन
आमचं काढायचं-घालायचं कवळीसारखं, तारेच्या पकडीचं. पहिले दिवस तोंडात बूट ठेवल्यासारखं वाटायचं. पेपर मोठ्याने वाचून जीभ सरावली. घरचे वैतागले, पण बातम्या कळल्या त्यांना. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवतो. उकळत्या पाण्यात घालू नये, वाकडं होतं.

गोगलगाय
अक्कलदाढ काढली तर तिथेही बसवावं लागतं का?

निवांत
नाही हो. ती जागा रिकामीच ठेवतात.

उंटावरचा_शहाणा
आमच्याकडे आधीपासूनच रिकामी आहे.

मीनल
पुढचा एकच दात असेल तर मागून पंख चिकटवलेला ब्रिजही असतो, शेजारचा दात फारसा घासत नाहीत. माझा ऐन मीटिंगमध्ये सुटला. हात तोंडावर ठेवून उरलेलं प्रेझेंटेशन. त्याच दिवशी परत चिकटवून मिळाला म्हणा.

खारूताई
@निवांत, मागे एक आहे. ती किती कललीय ते एक्स-रेत बघणार आहेत.

गोगलगाय
ब्रिजखाली अडकलेलं कसं काढता? वॉटर फ्लॉसर (पाण्याच्या धारेने फटी साफ करायचं यंत्र) घेऊ का?

सुमेधाताई
घे. पण ओठ मिटून चालू कर, बेसिनवर वाकून. मी आधी आरसा धुतला, मग चष्मा.