आईला म्हादईचं मुख बघायचंय, पोरांना कळंगुट-बागा. एकाच फेरीत जमवायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. सुगी आटपली की जानेवारीत घरचे सातजण दोन रात्रींसाठी गोव्याला जायचं ठरवतोय. भावाच्या दोन्ही पोरांनी कळंगुट-बागाचाच हट्ट धरलाय. ते ठीक आहे, वयच आहे त्यांचं. माझा जीव आईत अडकलाय.

आई 71 वर्षांची, आणि तिनं अजून समुद्र पाहिलेला नाही. जांबोटी, कणकुंबी मागं टाकली की चोर्ला घाट, इतका जवळ गोवा. तरी शेत, गुरं आणि आम्ही भावंडं यात राहूनच गेलं. तिचं माहेर भीमगडच्या रानातलं. पावसाळ्यात लाकडाच्या साकवावरून म्हादई ओलांडायची, तेव्हा फटीतून खाली तांबडं पाणी धावताना दिसायचं आणि आजोबा हात घट्ट धरून म्हणायचे, खाली बघू नको, समोर बघ. हे तिनं आम्हाला शंभरदा सांगितलंय. परवा गोव्याचं नाव निघालं तशी म्हणाली, "त्या गर्दीत मला काय करायचंय? आमची म्हादई समुद्राला कुठं मिळती तेवढं दाखव. ओटी भरीन म्हणते." मलप्रभाही आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, पण ती पूर्वेला कृष्णेकडे जाते. म्हादई मात्र घाट उतरून पुढं मांडवी होते, तेव्हा आईचं म्हणणं रास्तच आहे.

तर हे मुख नीट कुठून दिसेल? आईचे दोन्ही गुडघे गेलेत, भुसभुशीत वाळूत पन्नास पावलं चालणंही कठीण. दुसरं, खोलीचं. मागे आम्ही मित्र गेलो होतो, तेव्हा फोनवर फोटो बघून आगाऊ पैसे पाठवले. "समुद्र दोन मिनिटांवर" म्हणाले होते, प्रत्यक्षात उन्हातून पाऊण तास तंगडतोड. आईला घेऊन तसं झालं तर मला सहन होणार नाही. आणि पोरं डोहात पोहणारी, त्यामुळं पाण्याला भीतच नाहीत. त्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

प्रतिसाद, बेळगावहून

सरळ कळंगुट गाठू नका दादा. आधी पणजीला जा आणि मिरामारला थांबा. मांडवी समुद्राला मिळते ती तिथंच. रस्ता किनाऱ्याला लागून आहे, त्यामुळं मावशींना गाडीतून उतरून फार चालावं लागणार नाही. उजव्या हाताला पलीकडे डोंगरावर आग्वादचा किल्ला दिसतो, पोर्तुगीजांनी 1612 साली बांधलेला. त्याच्या अलीकडे नदी, पलीकडे उघडा समुद्र, असं बोटानं दाखवता येतं.

मग माघारी पणजीत येऊन फेरीबोटीनं बेतीला उतरा. गाडीही बोटीतच जाते. ज्या म्हादईवर मावशी साकवानं चालायच्या तीच नदी एवढी रुंद होऊन त्यांच्या गाडीखालून जाईल. मी माझ्या आईला असंच नेलं होतं. ती बोटीच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि पार होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. बेतीहून नेरुळ, कांदोळीमार्गे कळंगुट.

खोली कांदोळीच्या बाजूला बघा. बागाच्या गल्ल्यांत रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात, मावशींना झोप लागणार नाही. पैसे भरायच्या आधी खोलीवाल्याला खोलीपासून वाळूपर्यंत चालत व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. टाळाटाळ केली तर ती खोली सोडा. आणि नाताळ ते नवीन वर्ष हे दिवस टाळा, दर फार चढलेले असतात.

प्रतिसाद, जांबोटीचा, सध्या नोकरीला म्हापशात

पोरांबद्दल नीट सांगतो, कारण आपल्याकडची पोहणारी पोरंच जास्त बेफिकीर असतात. डोहाचं पाणी जागेवर असतं. समुद्रात लाट परतताना पायाखालची वाळू काढून घेते, आणि काही ठिकाणी सगळं परतीचं पाणी एका पट्ट्यातून जोरात आत जातं. त्या पट्ट्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, दम तुटतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरायचं, ओढ संपली की मग बाहेर यायचं. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्येच उतरायचं. नुसता लाल बावटा असेल तर अजिबात नाही. बागाला खाडी समुद्राला मिळते त्या टोकाला तर जाऊच देऊ नका. जीवरक्षकाची शिट्टी वाजली की बाहेर, एवढं घरूनच पढवून आणा.

स्कूटर भाड्यानं घेणार असतील तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची खाजगी नको. चूल-शेगडी आणू नका. उघड्यावर स्वयंपाक करायला 2019 पासून बंदी आहे आणि दंड बसतो. आपल्या भागातल्या गाड्याच त्यात जास्त सापडतात, वाईट वाटतं बघून. भाकरी-चटणी बांधून आणा.

वेळेचं म्हणाल तर आई खरं मुख बघायला येतायत, म्हणून ओहोटी चालू असताना या. तेव्हा नदीचं पाणी समुद्रात जाताना दिसतं. भरतीला उलटं, खारं पाणी नदीत शिरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, असा इथला आडाखा आहे. द्वितीयेला साधारण दीडला भरती, म्हणजे चार-पाचच्या सुमारास ओहोटी चालू. अर्धा-एक तास मागेपुढे धरा. सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो, तोही समोरच.

प्रतिसाद, निपाणीहून, एक ताई

ओटी भरा, पण खण पाण्यात सोडू नका, कापड वाहून किनाऱ्यालाच लागतं. तांदूळ, नारळ आणि फुलं वाहायची, खण नदीला दाखवून परत घ्यायचा आणि प्रसाद म्हणून घरच्या लेकीला द्यायचा. आमच्याकडे असंच करतो. आणि आत्यांना घाटात पुढच्या सीटवर बसवा. चोर्ल्याच्या वळणांनी मळमळतं.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅलेंडर काढून जानेवारीतली द्वितीया बघितली, तोच दिवस धरलाय. ताईंचं म्हणणं आईला वाचून दाखवलं. तिनं लगेच ट्रंकेतून हिरवा खण काढला आणि विचारलं, भाताची पहिली मूठ नदीला वाहिली तर चालेल का? यंदाच्या मळणीतले तांदूळ तिनं वेगळे बांधून ठेवलेत. आता खोलीवाल्याच्या व्हिडिओची वाट बघतोय.