जुन्या बाईकला पेट्रोलचा वास, पण गळती सापडत नाही

प्रश्न: कार्ब्युरेटरवाली जुनी बाईक आहे, रात्री बंद शेडमध्ये लावली की सकाळी दार उघडताच पेट्रोलचा भपकारा येतो. खाली डाग नाही, पाइप कोरडा. सुरुवात कुठून करू?

उत्तर: डाग दिसेलच असं नाही, पेट्रोल उडून जातं. आधी बाईक मोकळ्या हवेत लावत जा. एक रात्र कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) बंद ठेव आणि एक रात्र चालू, चालू असतानाच वास आला तर बहुतेक फ्लोटची नीडल (कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाहीये, कचरा अडकलाय किंवा टोक झिजलंय. दोन्ही रात्री आला तर टाकीचं झाकण, त्याचं रबर, नाहीतर कॉकच.

उत्तर: आणि ऑइलचा वास घे आधी!! नीडल गळली की पेट्रोल कधीकधी सिलेंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. लेव्हल वाढलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नको.

प्रश्नकर्ता: कॉक बंद केला तर वास गायब! बाउल (कार्ब्युरेटरची खालची वाटी) उघडला, तळाला गंजाची पूड. ऑइल ठीक वाटतंय. नीडल साफ करून बसवली.

उत्तर: गंज टाकीतला असणार, कॉकची जाळी बघ, नाहीतर महिन्याभरात परत हेच.